ऐन पितृपक्षात

"पाहिलीत का काल मोंझाची शर्यत, अण्णा?"

"पाहिली की. साडेसहापासून टीव्हीसमोर बसून होतो. मधे लाल निशाण आलं तेव्हा हिनं लसूण सोलायला दिला. सगळा सोलून झाला, तरी गाड्या आपल्या उभ्याच."

"पण गेली ना शेवटी तुमची क्लेअर."

"माझी कुठली, वहिनी? मी काय तिची सोयरीक जुळवली होती? पण हो, गेली. वाईट वाटलं. त्यातून ऐन पितृपक्षात."

अण्णा जास्वंदीच्या पलीकडे, मी अलीकडे, दोघांच्या तोंडाला मास्क. 2020 चं, कोरोनाचं साल; मार्चपासून आमच्या सगळ्या गप्पा या कुंपणावरूनच चालल्यात. अण्णांनी पिंपरीत जन्मभर लेथवर काम केलं आणि सुट्टीच्या दिवशी सायकल हाणत फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीत जाऊन मोटारींची मासिकं वाचली. फॉर्म्युला वनचं त्यांचं वेड तेव्हापासूनचं. माझं अलीकडचं. लेकानं लावलं, आणि तो शिकायला बाहेर गेल्यावर रविवारी शर्यत बघायला घरात मी एकटीच उरले. त्यामुळे सोमवारी सकाळी डब्यांची गडबड उरकली की मी कुंपणाशी येते. अण्णा आधीच पाण्याची नळी हातात धरून उभे असतात.

"पितृपक्षाचं काय मधेच? बाप आहे तिचा. अठ्ठ्याहत्तरचे आहेत फ्रँक विल्यम्स."

"तेच तर म्हणतो. बापाच्या हयातीत बापाची विल्यम्स टीम परक्याच्या हाती द्यायची आणि आपण बाहेर पडायचं. गणपतीच्या आदल्या दिवशी, 21 ऑगस्टला विक्रीची बातमी. विसर्जन होऊन दोन दिवस होत नाहीत तोच हिच्या जाण्याची बातमी. म्हणजे काय ते ठरवून."

"घेतली कुणी म्हणायची?"

"न्यूयॉर्कची डोरिल्टन कॅपिटल. गुंतवणूकवाले लोक. 152 दशलक्ष युरोंना सौदा झाला. आपले तेराशे कोटींच्या वर होतात."

"बरे मिळाले की मग! तीन वर्षं शेवटचा नंबर असलेल्या टीमचे तेराशे कोटी."

अण्णांनी नळी गुलाबाकडे वळवली. राग आला की ते गुलाबाला जास्तच पाणी घालतात.

"शेवटच्या नंबरचे नाहीत हो ते पैसे. 9 वेळा टीमचं जगज्जेतेपद, 7 वेळा ड्रायव्हरचं. 114 शर्यती जिंकलेल्या आहेत. फेरारीशिवाय दुसऱ्या कुणाकडे टीमची इतकी विजेतेपदं आहेत का सांगा."

"असतील. पण त्यातलं शेवटचं 1997 चं. माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं तेव्हा."

हे बोलून मी थांबायला हवं होतं. पण गप्पांत कोण थांबतं! मी सरळच म्हटलं की मला त्या बाईची कीव वगैरे काही येत नाही. टीव्हीवर सगळे गळा काढत होते, पहिल्यापासूनचं कुटुंब गेलं, एक पर्व संपलं. अहो, पर्व आपोआप संपत नाही, कुणीतरी संपवतं. 2013 च्या मार्चमध्ये ही उपप्रमुख झाली. नावाला प्रमुख वडीलच, पण गाडा हाकायची ही. 2018 ला दहावा नंबर, म्हणजे शेवटचा. 2019 ला शेवटचा. यंदा आठ शर्यती झाल्या, एक पॉइंट नाही.

"2014 आणि 2015 ला तिसरा नंबर होता, ते नाही सांगत तुम्ही."

"ते इंजिनाचं पुण्य. 2014 ला हायब्रिड इंजिनं आली, सगळ्यांत सरस निघालं मर्सिडीजचं, आणि ते यांच्या गाडीत होतं. बोटास आणि मासा पोडियमवर चढायचे ते त्या इंजिनाच्या खांद्यावर बसून."

"वा! म्हणजे जिंकलं तर इंजिनानं आणि हरलं तर क्लेअरनं. छान हिशेब आहे तुमचा."

इथे अण्णांचा मुद्दा बिनतोड होता, हे मला कळलं. पण मी काही कबूल केलं नाही. मी बार्सिलोना काढलं. माझ्या मनात जी गोष्ट सलते ती तीच.

2019 चा फेब्रुवारी. नवीन मोसमाआधी सगळ्या टीम बार्सिलोनात गाड्या तपासायला जमल्या. नऊ टीम हजर, विल्यम्सचं गॅरेज रिकामं, कारण गाडीच तयार नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. गाडी ट्रॅकवर आली तेव्हा तिसरा दिवस अर्धा सरला होता. सगळ्या जगाला तारीख ठाऊक, आधीपासून ठरलेली. उद्या मी साडेअकराचा डबा दुपारी तीनला पाठवला आणि वर म्हटलं की भाजी उत्तम झालीय, तर कोण ऐकून घेईल? तांत्रिक प्रमुख होते पॅडी लो. मर्सिडीजमधून मोठ्या अपेक्षेनं आणलेले. पुढच्या महिन्यात, पहिल्या शर्यतीच्या तोंडावर, ते रजेवर गेले आणि परत आलेच नाहीत. बरं, नंतर गाडी आली तीही कशी! सगळ्यांच्या मागे. अख्ख्या वर्षात एक पॉइंट, तोही जर्मनीत पावसानं गोंधळ घातला आणि अल्फा रोमिओच्या दोन्ही गाड्यांना दंड झाला म्हणून कुबिच्याला मिळालेला.

"एका हातानं गाडी चालवणाऱ्या माणसानं मिळवलेला, हे पण सांगा," अण्णा म्हणाले. "रॅलीत हाताचा चुराडा झालेला. आठ वर्षांनी परत आला तो. त्याला उभं कुणी केलं? तुमच्या याच बाईनं."

"ते पटलं. पण पॅडी लो कुणी आणला? हिनंच."

"आणि त्याला जायला कुणी लावलं? तेही हिनंच. निर्णय घेतच नव्हती असं तर म्हणू नका."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "कुणाबद्दल चाललंय? कोण गेलं?" मी म्हटलं, इंग्लंडच्या एका बाई, नोकरी सोडून. काकू म्हणाल्या, "हल्ली सगळ्यांच्याच चालल्यात," आणि आत गेल्या.

पैशाचा विषय मात्र अण्णांच्या हातात द्यावा. फॉर्म्युला वनमध्ये कुणाचे पैसे कुठून कुठे गेले, हे त्यांना नात्यागोत्यासारखं पाठ. काल पोडियमवर तिसरा कोण होता, असं त्यांनी मला विचारलं. पहिला गास्ली, त्यानं तर कमालच केली. दुसरा साइन्झ. तिसरा लान्स स्ट्रोल.

"बघा आता. हा पोरगा विल्यम्सचा. 2017 ला इथूनच सुरुवात केली त्यानं. बाप कॅनडाचा अब्जाधीश. पोरगा गाडीत होता तोवर घरच्या पैशाचं बळ टीमच्या मागे होतं. मग 2018 ला काय झालं? आपल्या विजय मल्ल्यांची फोर्स इंडिया दिवाळखोरीत निघाली. स्ट्रोलच्या बापानं आणखी काहीजणांना बरोबर घेऊन ती विकत घेतली आणि पोराला तिकडे नेलं. त्याच वर्षाअखेरी मार्टिनीवाल्यांनीही विल्यम्सवरचं नाव काढलं. म्हणजे इकडून पोराच्या बापाचा पैसा गेला, तिकडून स्पॉन्सरचा. आणि काल ही बाई शेवटच्या शर्यतीला उभी, तर समोर पोडियमवर कोण? तोच पोरगा, मल्ल्यांच्या जुन्या टीमच्या गाडीतून."

मल्ल्यांचं नाव निघालं की आमच्याकडे दहा मिनिटं कुठे जात नाहीत. लोकांचे पगार, बँकांची कर्जं, लंडनचं घर. ते सगळं झालं. मग अण्णा म्हणाले की मल्ल्यांची टीम बुडत असतानासुद्धा चौथा नंबर काढत होती, 2016 ला आणि 2017 ला, विल्यम्सपेक्षा कमी खर्चात. हे ते माझ्या बाजूनं बोलले हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि मीही आणून दिलं नाही.

"यंदा तर सगळंच आटलं," ते पुढे म्हणाले. "कोरोनामुळे जुलैपर्यंत शर्यत नाही. शर्यत नाही म्हणजे उत्पन्न नाही. मे महिन्यात मुख्य स्पॉन्सर रॉकिटशी फाटलं. गेल्या वर्षीचा 1 कोटी 30 लाख पौंडांचा तोटा डोक्यावर होताच. त्याच महिन्यात तिनं जाहीर केलं की टीम विकायलाही आम्ही तयार आहोत. काय करायला हवं होतं तिनं? कारखान्याला कुलूप घालून सातशे माणसं घरी पाठवायची?"

"तसं नाही म्हणत मी. पण विकायची वेळ आणली कुणी?"

"बापानं."

हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की मी नळी बंद करायची खूणसुद्धा विसरले. गुलाबाच्या आळ्यातून पाणी आमच्या बाजूला यायला लागलं होतं.

अण्णांना फ्रँक विल्यम्स म्हणजे देवच. कुणाला वाटेल की ते त्यांच्याविरुद्ध अक्षर बोलणार नाहीत. बोलले. आधी देवाची सगळी स्तुती करून घेतली, ती मी पूर्वीही ऐकलेली. किराणा मालाचा फिरता विक्रेता होता हा माणूस, त्या पैशावर गाड्या पळवायचा. 1966 ला स्वतःची टीम काढली. 1970 ला झांडव्होर्टला त्याचा जिवलग मित्र पियर्स करेज याच्याच गाडीला अपघात होऊन गेला. तरी सोडलं नाही. बिल थकलं म्हणून टेलिफोन कापला, तर रस्त्यावरच्या फोनबूथमधून धंदा चालवला. पुढे 1979 ला सिल्व्हरस्टोनला क्ले रेगाझोनीनं पहिली शर्यत जिंकून दिली. स्पॉन्सर सौदी असल्यानं पोडियमवर शॅम्पेनऐवजी संत्र्याचं पेय. हे सांगताना अण्णा दर वेळी हसतात. मग 1986 चा मार्च. फ्रान्समध्ये टेस्टिंग आटोपून विमान गाठायला भाड्याची गाडी सुसाट हाणत निघाला, ती उलटून शेतात गेली. मानेखाली शरीर लुळं. बायको जिनी ठामपणे उभी राहिली म्हणून जगला. आणि त्याच वर्षी टीम जगज्जेती, व्हीलचेअरवरच्या मालकाची.

"हे सगळं खरं," अण्णा म्हणाले. "पण ह्या माणसाला वाटा द्यायला आवडायचं नाही. एड्रियन न्यूई विल्यम्सकडे होता. असा गाडी रेखाटणारा माणूस दुसरा झाला नाही. त्याला टीममध्ये हिस्सा हवा होता, निर्णयात शब्द हवा होता. यांनी नाही म्हटलं. तो मॅक्लारेनला गेला. 1997 नंतर एक विजेतेपद नाही, ते उगाच? ड्रायव्हरांचं तेच. मॅन्सेल 1992 ला जगज्जेता झाला आणि टीम सोडून अमेरिकेला गेला. डेमन हिल 1996 ला झाला, तर त्याच्या जागी दुसरा आधीच ठरलेला. मग बीएमडब्ल्यू आली, इंजिनं दिली, शर्यती जिंकल्या, आणि म्हणाली टीमच आम्हाला द्या. यांनी पुन्हा नाही म्हटलं. बीएमडब्ल्यू शेजारी जाऊन झाऊबरची टीम घेऊन मोकळी झाली. 2004 ला ब्राझीलमध्ये माँटोयानं जिंकल्यावर विल्यम्सला पुढची शर्यत कधी जिंकता आली? 2012, बार्सिलोना, माल्डोनाडो. आणि त्या आनंदात गॅरेजला आग लागली. तेव्हापासून आजपर्यंत एक नाही. आता मला सांगा, 2013 ला क्लेअरच्या हातात नेमकं काय आलं?"

मी विचार करत राहिले. खोटं का बोला, मला यातलं न्यूईचं प्रकरण ठाऊक होतं, पण बीएमडब्ल्यूचं मी कधी या बाजूनं पाहिलं नव्हतं. मर्सिडीज, फेरारी, रेनो यांच्या पाठीशी मोटारींचे कारखाने, आणि विल्यम्सच्या पाठीशी फक्त विल्यम्स. आम्ही स्वतंत्र आहोत याचा त्यांना केवढा अभिमान. गिअरबॉक्ससुद्धा स्वतःचा बनवणार, विकत घेणार नाही. हासची टीम फेरारीकडून चालतील तेवढे भाग विकत घेऊन 2018 ला पाचवी आली, आणि हे दहावे. पण मग मला असंही वाटतं की मुलीला हे बदलता आलं असतं. सात वर्षं थोडी नव्हेत. बापाचा हट्ट बापाबरोबर ठेवायचा होता. तो तिनं स्वतःचा करून घेतला.

हे मी अण्णांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "हां. हे म्हणालात ते बरोबर आहे."

आमच्या एवढ्या वर्षांच्या शेजारात अण्णांनी मला बरोबर म्हणायची ही बहुधा पहिलीच वेळ. मी लगेच विषय बदलला, न जाणो परत घेतील.

"भावाचं काय हो? थोरला भाऊ आहे ना तिला?"

"जोनाथन. तीन वर्षांपूर्वी त्या घरावर सिनेमा आला नाही का, त्यात आहे तो. दुखावलेला दिसतो. जागा आपल्याला मिळेल असं त्याला वाटत होतं. बापानं लेकीला बसवलं."

"आपल्याकडे झालं असतं तर कोर्टात गेले असते."

"तिकडेही घरात सगळं गोड नव्हतंच. बहीण-भावाचं बोलणं कितपत होतं कोण जाणे. पण मुलीनं दहा-अकरा वर्षं तिथे आधी काम केलं होतं हे लक्षात घ्या. 2002 ला प्रसिद्धी विभागात लागली. थेट खुर्चीत नाही बसली."

"ते ठीक. आणि तुम्हाला ते माहितीय का, 2017 ला तिला मुलगा झाला, त्यानंतर लोक काय काय बोलले? घराकडे लक्ष आहे, टीमकडे नाही. बाई कितीही चुकली तरी हे मला नाही आवडलं. पॅडी लोच्या घरी कोण काय करतं, हे कुणी विचारलं होतं का?"

अण्णा हसले. "अहो, मघापासून तुम्हीच तिला झोडपताय."

"झोडपीन की. गाडी उशिरा आणली म्हणून झोडपीन. पोर झालं म्हणून नाही. फरक आहे."

हे बोलल्यावर मला आपली देहरादूनची मोनिशा आठवली. मोनिशा काल्टनबॉर्न, माहेरची नारंग. झाऊबरची प्रमुख झाली, फॉर्म्युला वनमधली पहिली बाई प्रमुख. 2016 मध्ये मालक बदलले आणि 2017 मध्ये तीही गेली. आता क्लेअरही. म्हणजे पुढच्या रविवारी दहा टीमचे दहाही प्रमुख पुरुष. नारायण कार्तिकेयन विल्यम्समध्ये टेस्ट ड्रायव्हर होता तेव्हा क्लेअर तिथे प्रसिद्धी बघत होती, असंही अण्णांनी मधेच सांगितलं. ते कशाला सांगितलं कळलं नाही, पण आपल्या माणसाचं नाव निघालं म्हणून बरं वाटलं.

मग मी खरा प्रश्न विचारला, जो मला काल रात्रीपासून टोचत होता. नव्या मालकांनी तिला राहा म्हटलं होतं. ती स्वतःहून निघाली. का? पगार मिळाला असता, खुर्ची तीच, नाव तेच. टीमचं नावसुद्धा विल्यम्सच राहणार म्हणे. गाड्यांना वडिलांच्या नावाची आद्याक्षरं आहेत, यंदाची एफडब्ल्यू 43. मग अडलं कुठे?

अण्णांनी नळ बंद केला. येऊन कुंपणाला टेकले, सहा फुटांचा नियम विसरून.

"वहिनी, 1976 ला फ्रँकनं आपल्या पहिल्या टीमचा मोठा वाटा वॉल्टर वुल्फ नावाच्या श्रीमंत माणसाला विकला होता. स्वतः राहिला तिथेच. थोड्याच दिवसांत काय झालं? मालकाचा नोकर झाला. शर्यतींचा कारभार दुसऱ्याच्या हातात, आणि ह्याच्याकडे किरकोळ कामं. शेवटी इंजिनिअर पॅट्रिक हेडला घेऊन बाहेर पडला आणि डिडकॉटला जुन्या गालिच्यांच्या गोदामात नव्यानं सुरुवात केली. आज विकली ती टीम ही. 1977 ची. तिच्या घरात ही गोष्ट शंभर वेळा सांगितली गेली असणार. मला आपलं वाटतं, बापाचं वुल्फकडे जे झालं ते हिला डोरिल्टनकडे करून घ्यायचं नव्हतं."

"ती असं म्हणालीय का कुठे?"

"नाही. मीच म्हणतोय."

"मग तुमची कल्पना आहे ती."

"कल्पना आहे. पण 1977 ला बापाचं वय पस्तीस होतं, बरोबर हेड होता. आता तिच्याबरोबर कोण? आणि कोण देणार गोदाम? आता मोठ्या टीमला हजारो कोटी लागतात. पुढच्या वर्षीपासून खर्चाला मर्यादा येतेय, 145 दशलक्ष डॉलर. नेमकी ती येण्याआधी हिला विकावं लागलं. एक वर्ष तग धरली असती तर..."

"तर काय, पॉइंट आले असते? मर्यादा घालून गाडी वेळेवर येते होय?"

"तुम्ही ते बार्सिलोना काही सोडणार नाही."

"नाही सोडणार. काल लतीफी अकरावा आला. दहाव्याला पॉइंट मिळतो. हॅमिल्टनला दंड, लक्लेर भिंतीत, निम्मी शर्यत उलटीपालटी, आणि तरी तुमची टीम अकरावी. तिच्या निरोपाला एक पॉइंट देता आला नाही त्यांना."

"दुसऱ्या गाडीतल्या रसेलला नशिबाची साथ मिळाली असती तर..."

"अण्णा, तुमचं 'असती तर' फार होतंय. पुढच्या रविवारी मुजेल्लो आहे. नवीन मालक, नवा कारभारी. या वर्षात विल्यम्सनं एक पॉइंट जरी काढला ना, तर महिनाभर तुम्हा दोघांना माझा डबा फुकट."

"आणि नाही काढला तर?"

"तर या पाण्याचं बिल अर्धं तुम्ही भरायचं. बघा, सगळं आमच्या अंगणात आलंय."